संशोधन गटाचा हिरावलेला वेळ परत द्या: वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांसी,

सविनय नमस्कार.

मी राज्यातील एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्राची सहयोगी प्राध्यापक आहे. आमच्या महाविद्यालयाने पाच शिक्षकांच्या एका संशोधन गटाला बुधवारची दुपार लेखी आदेशाने राखून दिली होती. गेल्या आठवड्यात 'प्रशासकीय निकड' एवढेच कारण देऊन दोन ओळींच्या परिपत्रकाने ती काढून घेण्यात आली. गटाच्या मार्गदर्शक प्राध्यापकांना त्याच सुमारास दुसऱ्या जिल्ह्यातील नव्या महाविद्यालयात प्रतिनियुक्तीवर धाडण्यात आले. सुरू असलेल्या अभ्यासाचे काय करायचे, हे आम्हाला कोणीही विचारले नाही.

तो अभ्यास काय होता, हे आपण दोन मिनिटे वाचावे, अशी विनंती आहे. वॉर्डात पाळी बदलताना एक परिचारिका दुसरीला आणि एक डॉक्टर दुसऱ्याला 'ओव्हर' देतो. ड्रेन (जखमेतला स्राव बाहेर काढणारी नळी) किती भरला, लघवी किती झाली, अँटिबायोटिकचा शेवटचा डोस केव्हा दिला, कोणता रिपोर्ट यायचा आहे, यातील एक गोष्ट सांगायची राहिली तरी त्याचा त्रास रुग्णाला होतो. इंटर्न आणि नर्सिंगचे विद्यार्थी हे काम वेगवेगळे शिकतात, किंबहुना कोणी शिकवतच नाही, पाहून उचलतात. त्यांना एकत्र बसवून शिकवले तर ओव्हरमधून सुटणाऱ्या गोष्टी कमी होतात का, हे आम्ही तपासत होतो. गटात औषधशास्त्र, पीएसएम (सामुदायिक वैद्यक), नर्सिंग आणि फिजिओथेरपीचे शिक्षक होते. पहिल्या फेरीची निरीक्षणे झाली, प्रशिक्षण झाले. दुसरी फेरी याच तुकडीची इंटर्नशिप संपण्याआधी व्हायला हवी होती. तुकडी गेली की पहिल्या फेरीच्या नोंदींना तुलनेसाठी काहीही उरत नाही.

मार्गदर्शकाचे मोल आम्हाला या कामात कळले. रुग्णसुरक्षा वाढते का, असा भलामोठा प्रश्न घेऊन आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. मोजता येईल असा प्रश्न त्यांनी आमच्याकडून घडवून घेतला. नीतिमत्ता समितीने संमतिपत्र परत पाठवले, कारण ज्यांचे गुण आमच्या हातात आहेत त्या विद्यार्थ्यांची संमती खरोखर स्वेच्छेची कशी मानायची? तेव्हा, ज्यांचा मूल्यमापनाशी संबंध नाही अशा सहकाऱ्यांनी संमती घ्यावी, हा मार्ग मार्गदर्शकांनीच सुचवला. खरी ओव्हर टेबलापाशी नव्हे, खाटेपाशी दिली जाते, हे नर्सिंगच्या मॅडमनी दाखवून दिले आणि निरीक्षणाचा सगळा तक्ता बदलला. माझ्या विभागात एकटी बसून मला हे सुचले नसते.

शिक्षकांनी संशोधन करावे, असा शासनाचाच आग्रह आहे. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, चेन्नईच्या संस्थेचा संशोधनाचा ऑनलाइन अभ्यासक्रम आम्हाला सक्तीचा आहे आणि तो चांगलाही आहे. पण त्यानंतर हाताला धरून पहिला प्रकल्प करवून घेणारे कोणी नसते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीने पदोन्नतीसाठी शोधनिबंध मागितले आणि श्रेय दिले ते पहिल्या तीन लेखकांना किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला. पाच-सहा जणांनी मनापासून एक अभ्यास केला तर उरलेल्यांनी काय करावे? म्हणून प्रत्येक जण आपापला छोटा निबंध कुठेतरी छापून मोकळा होतो. 'दुसऱ्या लेखकाची जागा उपलब्ध' असे दर सांगणारे संदेश माझ्या मोबाईलवर येतात. हा बाजार कोणी उभा केला? प्रामाणिक गटाला शिक्षा देणाऱ्या नियमांनीच तो पोसला आहे.

साहेब, मी थकले आहे. सकाळी व्याख्यान, मग प्रात्यक्षिके, मग आयोगाच्या तपासणीसाठी तेच तक्ते पुन्हा नव्या नमुन्यात भरणे. १ मे २०२५ पासून चेहरा दाखवून हजेरी द्यावी लागते. मी इमारतीत किती वेळ होते याची नोंद दिल्लीपर्यंत जाते, पण तिथे काय केले हे कोणीही विचारत नाही. संख्याशास्त्राची आकडेमोड मी घरी रात्री केली, झेरॉक्सचा खर्च खिशातून केला, मुलीच्या परीक्षेच्या दिवसांतही बुधवार चुकवला नाही. ते सगळे आता कपाटात बंद आहे आणि याचा मला संताप येतो.

२०२४ मध्ये राज्यात एकदम दहा शासकीय महाविद्यालये सुरू झाली. गडचिरोली, हिंगोली, वाशीमच्या मुलांना घराजवळ डॉक्टर होता यावे, हे मलाही हवे आहे. पण तपासणी आली की जुन्या महाविद्यालयांतील शिक्षक उचलून तिकडे बसवायचे, याला मनुष्यबळ म्हणत नाहीत. पदे भरायची नाहीत, कंत्राटावर भागवायचे आणि कागदावर संख्या पूर्ण दाखवायची, ही सवय एका मंत्र्याची किंवा एका सरकारची नाही. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात २००५ मध्ये फाइमरचे, म्हणजे वैद्यकीय शिक्षकांना घडवणाऱ्या अमेरिकी संस्थेचे, केंद्र सुरू झाले. मार्गदर्शकासह प्रकल्प करून शिकलेले शिक्षक तिथून राज्यभर गेले. त्यांच्यापैकी कोणाला आपल्या विभागाने कधी गट बांधायला सांगितले? नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून वैद्यक, दंत, आयुर्वेद, नर्सिंग, फिजिओथेरपी या सगळ्यांच्या परीक्षा एका छताखाली घेते. शिक्षकांना मात्र एका टेबलाशी बसवत नाही.

आमची बुधवारची दुपार निदान दुसरी फेरी संपेपर्यंत परत द्यावी आणि मार्गदर्शकांची प्रतिनियुक्ती तोवर थांबवावी. नीतिमत्ता समितीने मंजूर केलेल्या शिक्षक गटांचा राखीव वेळ मध्येच काढता येणार नाही, असा शासन निर्णय काढावा, आणि लेखकक्रमाच्या अटीबद्दल आयोगाला राज्याच्या वतीने लिहावे. इंटर्नची ही तुकडी आणखी काही आठवडेच आहे. त्याआधी लेखी उत्तर मिळावे.

आपली विश्वासू,
एक सहयोगी प्राध्यापक