सत्तावीसच पुस्तकं का? सरांना एक आभारपत्र

आदरणीय सर,
सलाम.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. आमच्या रविवार शाळेतल्या एका मुलाने विचारलं होतं, ‘बायबलच्या नव्या करारात 27च पुस्तकं का? रोमन बादशहा कॉन्स्टन्टाइनने निकियाच्या सभेत मतं घेऊन बाकीची काढून टाकली, खरं ना?’ ‘असले प्रश्न विचारायचे नसतात,’ असं सांगून कुणीतरी त्याला गप्प बसवलं. आपण मात्र त्याला घरी बोलावलंत, शेजारी बसवून घेतलंत आणि जुने कागद त्याच्यापुढे ठेवलेत. याबद्दल आपले किती आभार मानू?

निकियाच्या सभेचे, म्हणजे इ. स. 325 मध्ये भरलेल्या बिशपांच्या सभेचे, 20 नियम आपण त्याच्याकडूनच वाचून घेतलेत. बिशप कसे नेमावेत, छळात डगमगलेल्यांना परत कसं घ्यावं, हे सगळं त्यात आहे. पुस्तकांच्या यादीबद्दल अक्षरही नाही. आज आपल्या हातात आहेत तीच 27 पुस्तकं नेमकी मोजून सांगणारी सर्वांत जुनी यादी सापडते ती 367 सालची. आलेक्सांद्रियाचे बिशप अथनासियस यांनी ईस्टरनिमित्त मंडळ्यांना (म्हणजे ठिकठिकाणच्या ख्रिस्ती समूहांना) पाठवलेल्या पत्रात ती आहे. म्हणजे निकियानंतर तब्बल 42 वर्षांनी!

पण यादी फार उशिरा आली, वाचन आधीपासून चालू होतं, हे आपण दाखवलंत ते मला सर्वांत मोलाचं वाटतं. कलस्सै शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिताना प्रेषित पौल सांगतो की हे पत्र लावदिकीयाच्या मंडळीतही वाचलं जावं. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर जस्टिन हा ख्रिस्ती लेखक सांगतो की रविवारी सगळे एकत्र जमतात आणि प्रेषितांच्या आठवणी (म्हणजे शुभवर्तमानं) किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तोवर वाचले जातात. कोणतं पुस्तक उपासनेत मोठ्याने वाचायचं, हा रोजचा, व्यवहारातला प्रश्न होता. अंत्युखियाचे बिशप सेरापियन यांचंच बघा. रोसस गावच्या मंडळीत ‘पेत्राचे शुभवर्तमान’ वाचलं जायचं. ते स्वतः न वाचताच त्यांनी आधी परवानगी दिली. पुढे तक्रारी आल्यावर प्रत मिळवून वाचली, बराचसा भाग योग्य पण काही भर मागाहून घातलेली, असा निर्णय दिला आणि कारणांसह लिहून कळवलं. हा प्रसंग ऐकताना मुलगा अगदी पुढे सरकून बसला होता.

आणि किर्ता! उत्तर आफ्रिकेतलं ते शहर, साल 303, बादशहा डायोक्लेशनचा हुकूम: पवित्र ग्रंथ जमा करा, जाळून टाका. अधिकाऱ्यांनी मंडळीच्या घरातल्या प्याल्यांपासून बायकांच्या चपलांपर्यंत सगळ्याची नोंद केली. ग्रंथ मात्र एकच मिळाला, कारण बाकीचे वाचकांच्या, म्हणजे उपासनेत ग्रंथ वाचून दाखवणाऱ्यांच्या, घरी होते. वाचकांची नावं विचारली, तेव्हा मंडळीतल्या दोघा उपसेवकांनी (कनिष्ठ सेवकांनी) सांगितलं, आम्ही दगा देणारे नाही, हवं तर ठार मारा. पुढे घरोघर झडती होऊन ग्रंथ निघालेच. पण कोणतं पुस्तक हवाली करायचं नाही, हे माणसांना अथनासियसच्या यादीआधी दोन पिढ्या ठाऊक होतं. माझ्या मते त्या मुलाच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे.

यादीच्या कडा धूसर होत्या, काही पुस्तकांबद्दल एकमत नव्हतं, हेही आपण लपवलं नाहीत. पश्चिमेकडे इब्री लोकांस पत्राबद्दल शंका, पूर्वेकडे प्रकटीकरणाबद्दल. चर्चचा इतिहास लिहिणाऱ्या युसेबियसने याकोब, यहूदा, 2 पेत्र आणि योहानाची दोन छोटी पत्रं ‘वादातली’ म्हणून वेगळी नोंदवली. सिरियाक भाषा वापरणाऱ्या मंडळ्यांच्या पेशित्तात (त्यांच्या बायबलच्या भाषांतरात) तर सुरुवातीला 22च पुस्तकं होती. उलट चौथ्या शतकातल्या सिनाय हस्तलिखितात, म्हणजे बायबलच्या एका जुन्या प्रतीत, प्रकटीकरणानंतर बर्णबाचं पत्र आणि ‘हर्मासचा मेंढपाळ’ आहेत. हे सगळं मोकळेपणाने कळल्यावर मुलांचा विश्वास डळमळला नाही. उलट यहूदाचं पत्र कधी नव्हे ते त्यांनी आपणहून वाचून काढलं.

सर, आता पुढचा प्रश्न तयार आहे. शेजारच्या कॅथलिक मैत्रिणीच्या बायबलमध्ये 73 पुस्तकं आणि आपल्यात 66, असं का? तिच्या बायबलमधली तोबीत आणि मक्काबी ही जास्तीची पुस्तकं वाचायला मुलं उत्सुक आहेत. एखाद्या रविवारी उपासनेनंतर आपल्याला यायला जमेल का? जिने चढायला नकोत म्हणून वर्ग खालच्या खोलीत घेऊ, आणि न्यायला तो मुलगाच येईल.

आपली कृतज्ञ,
रविवार शाळेची एक शिक्षिका