तिला एकटीला विचारा

मा. आरोग्यमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

गरोदर बाई तपासणीला आली की आम्ही तिचं वजन करतो, रक्तदाब घेतो, रक्त-लघवी तपासतो, बाळाचे ठोके ऐकतो. दंडावरच्या काळ्यानिळ्या डागाबद्दल विचारलं, तर उत्तर शेजारी उभा असलेला नवरा देतो : "जिन्यात पाय घसरला." ती मान खाली घालते. पुढचा नंबर पुकारला जातो.

झोप लागत नाही, अन्न जात नाही, सारखं रडू येतं, असं ती म्हणाली, तर "या दिवसांत व्हायचंच" म्हणून तिची बोळवण होते. जागतिक आरोग्य संघटनेनुसार जगभरात सुमारे १० टक्के गरोदर स्त्रियांना आणि १३ टक्के बाळंतिणींना मानसिक आजार असतो, आणि तो बहुतेक वेळा नैराश्याचाच. घरात मारहाण सोसणाऱ्या बाईला हा धोका कितीतरी जास्त. शिवाय गर्भपात, अपुऱ्या दिवसांची प्रसूती, कमी वजनाचं बाळ.

नैराश्य ओळखायला १९८७ पासून एडिनबरो प्रश्नावली आहे. प्रश्न अवघे दहा, शेवटचा स्वतःला इजा करून घेण्याच्या विचारांबद्दल. पण मारणारा माणूस शेजारी बसलेला असताना खरं कोण सांगेल?

म्हणून माझी पहिली मागणी : प्रत्येक तपासणीत काही वेळ बाई एकटीच आत असेल, असा नियम करा. नवरा नाही, सासू नाही, आईसुद्धा नाही. नियम सरसकट सगळ्यांना हवा. एकीलाच बाजूला घेतलं तर घरी गेल्यावर तिचीच उलटतपासणी होते. आणि तिनं सांगितलेलं घरी जाणाऱ्या कार्डावर लिहायचं नाही. ते कार्ड तोही वाचतो.

नुसतं विचारून मात्र भागणार नाही. तिनं तोंड उघडलं आणि आमच्या हाती द्यायला काहीच नसलं, तर तो तिचा विश्वासघात ठरेल. त्यासाठी परिचारिकांना प्रशिक्षण, त्याच इमारतीत समुपदेशक, आणि त्या रात्री घरी जाणं धोक्याचं असेल तर निवाऱ्याची सोय हवी. गोळ्यांनी नैराश्य थोडं हटेलही, पण मारहाण चालूच राहिली तर ते पुन्हा येणार.

यासाठीची तरतूद येत्या अर्थसंकल्पात करावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
गरोदर स्त्रियांच्या तपासणी विभागातील एक परिचारिका