दत्तक मूल हे नवसाचे फळ नव्हे

महोदय,

प्रेम, श्रद्धा आणि दत्तक मूल या विषयांवरच्या कादंबऱ्या मी आवडीने वाचते. पण बहुतेकींत देव प्रसन्न होतो आणि शेवटच्या प्रकरणात बाळ बक्षिसासारखे हाती येते. बाळाची जन्मदात्री कुठे गेली, हे लेखक विचारतच नाहीत. आपल्या कायद्यानुसार मूल सोपवणाऱ्या आईला निर्णय बदलायला 60 दिवस मिळतात. दत्तक घेणाऱ्या जोडप्याचे लग्न किमान दोन वर्षे टिकलेले लागते, दोघांची संमती लागते, समाजसेविका घरी येऊन पाहणी करते. एवढ्या प्रतीक्षेत नवराबायकोच्या नात्याचा खरा कस लागतो. कादंबरीकाराला याहून काय हवे?

आणि नमुना तर आपल्याच पुण्यात आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1863 मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, पुढे काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत दत्तक घेतला. ‘निर्मिका’वरची, म्हणजे सृष्टिकर्त्यावरची, त्यांची श्रद्धा जात विचारणारी नव्हती. जोतीरावांनी 1887 च्या मृत्युपत्रात यशवंतला वारस केले. 1889 मध्ये त्याचे लग्न सत्यशोधक पद्धतीने, म्हणजे भटजीविना, लावले. तो डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगात त्याच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करतानाच सावित्रीबाई गेल्या.

त्या संसारातले प्रेम आणि जन्मदात्री काशीबाईचे मन, दोन्ही एकाच कादंबरीत वाचायला मिळावे, अशी मराठी लेखकांना माझी कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, सातारा