रात्रीची लाईट

ती. बाबा व ती. आई यांस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर म्हणालात, "तू चंद्रपुरात कोळसा जाळ, पाणी आमच्या चिखलीत शिरू दे." आईनं फोन ओढून घेतला, नाहीतर तिथंच भांडण झालं असतं. म्हणून लिहितेय.

२०१९ मी विसरलेले नाही. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याला ४३ फुटांवर धोका. पंचगंगा तेव्हा ५५ च्या वर गेली. पिठाच्या डब्यांच्या फळीवर चिखलाची रेघ अजून आहे. (आई, ती पुसू नकोस.) हवा एका अंशानं तापली की साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरते, मग कोसळतो तेव्हा धो धो कोसळतो. त्यात आमच्या औष्णिक वीजकेंद्राच्या धुराचा वाटा आहेच. पूररेषेत भराव टाकले ते मात्र मी नाही.

आमचा ५०० मेगावॅटचा संच पूर्ण भारावर तासाला तीनशे टनांच्या आसपास कोळसा खातो. हल्ली दुपारी सौर वीज मुबलक, म्हणून भार उतरवायला सांगतात. दिवेलागणीला पुन्हा चढवायचा. रोज तापून निवून बॉयलरच्या नळ्या लवकर दमतात. ग्लासगोच्या हवामान परिषदेत २०२१ ला सरकारनं निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी २०७० चा शब्द दिला. २०२५ मध्ये देशाची निम्मी वीजक्षमता कोळसा-वायूशिवायची झाली, पण प्रत्यक्ष तयार होणारी वीज अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास कोळशाचीच. घरात चुली दोन, भाकरी एकीवरच. उन्हातली वीज रात्रीला साठवता येईपर्यंत संच बंद करा, असं मी म्हणणार नाही.

पण तुम्ही रात्री दोनला बॅटरी घेऊन, सापाकिरड्यातनं उसाला पाणी पाजायला जाता, ती लाईट कोळशाची. ती तरी का जाळायची? शेतीचा फीडर, म्हणजे शेतीपंपांना वीज देणारी वाहिनी, सौरवर आला तर दिवसा लाईट मिळते. सौरपंपाला तुम्ही नको म्हणालात, पॅनेल पुरात जातील म्हणून. बरोबरच आहे, मळीत, नदीकाठच्या रानात, पॅनेल नकोतच. फीडरचा प्रकल्प उंचावरच्या गायरानात बसतो. ग्रामसभेत विषय निघाला तर गप्प बसू नका, एवढंच.

गौरीला येतेय. आई, बंधाऱ्याला पाणी ३९ फुटांना लागलं की म्हशी सोनतळीला हलव. बाबा "धोक्याला अजून चार फूट आहे" म्हणतील, ऐकू नकोस.

तुमची,
सुमन