एन्काउंटर म्हणजे माणूस नव्हे

आदरणीय ग्रंथपाल मॅडम,

असं चारचौघांत आभार मानलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून नाव घालत नाही. पण त्या दुपारी तुम्ही माझी बातमी अडवली नसतीत, तर एक चुकीचं शीर्षक माझ्या नावानं छापून आलं असतं.

शीर्षक होतं : 'वर्षभरात पावणेपंचवीस लाख लोक अमेरिकेत घुसले'. अमेरिकेच्या सीमा खात्यानं 2023 या आर्थिक वर्षात मेक्सिकोलगतच्या सीमेवर सुमारे 24 लाख 75 हजार 'एन्काउंटर' नोंदवले होते. मराठी कानाला एन्काउंटर म्हणजे पोलिसांची गोळी. म्हणून तो शब्द गाळून मी 'लोक' लिहून मोकळा झालो होतो. तुम्ही चष्मा वर सरकवून एवढंच विचारलंत, "यात मोजलंय काय?"

मग तक्त्याखालच्या बारीक टिपा माझ्याकडून वाचून घेतल्यात. एन्काउंटर म्हणजे अधिकाऱ्याशी गाठ पडल्याची नोंद. एकच माणूस तीनदा सापडला तर नोंदी तीन. अधिकृत नाक्यावर रीतसर येऊन उभा राहिला आणि प्रवेशास अपात्र ठरला, तर तोही यातच. साथीच्या काळात, मार्च 2020 पासून, 'टायटल 42' या सार्वजनिक आरोग्याच्या कायद्याखाली माणसं झटपट परत पाठवली जात. तीच पुन्हा प्रयत्न करत आणि आकडा फुगत जाई. ही पद्धत 11 मे 2023 पर्यंत चालली. त्यामुळे 2019 चा आकडा शेजारी ठेवून 'इतक्या पटींनी वाढ' म्हणायची सोय राहिली नाही. वर्षही 1 ऑक्टोबरला सुरू होणारं. जे सापडलेच नाहीत ते यात नाहीत, आणि सापडलेल्यांतले कित्येक आत राहिलेच नाहीत. शीर्षकातला आकडा तेवढा खरा उरला!

'फ्रॉन्टेक्स' या युरोपीय संघाच्या सीमा-संस्थेच्या आकड्यांखालीही तीच टीप असते : ओलांडल्याच्या घटना मोजल्या आहेत, माणसं नव्हेत. ती आता मी आधी वाचतो, आकडा नंतर.

अमेरिकेतली स्थलांतर न्यायालयं न्यायव्यवस्थेत नसून न्याय विभागाखाली, म्हणजे सरकारच्याच हाताखाली येतात, हेही मला तुमच्याकडून कळलं. मी नेहमीच्या न्यायालयीन नोंदी धुंडाळत बसलो होतो. तुम्ही सिरॅक्यूज विद्यापीठात सुरू झालेल्या 'ट्रॅक'कडे बोट दाखवलंत. तिथली मंडळी वर्षानुवर्षं माहितीच्या कायद्याखाली अर्ज करून एकेका खटल्याच्या नोंदी मिळवतात. मला फुकट मिळालेल्या तक्त्यामागे कुणीतरी अर्ज लिहीत बसलेलं असतं, हे तोवर डोक्यातच आलं नव्हतं.

पण सगळ्यात जास्त आभार अ‍ॅरिझोनाच्या नकाशासाठी. पिमा परगण्याचं शवचिकित्सा कार्यालय आणि 'ह्यूमेन बॉर्डर्स' ही संस्था मिळून तो चालवतात. सीमेलगतच्या वाळवंटात सापडलेल्या स्थलांतरितांच्या प्रत्येक मृतदेहासाठी एक ठिपका. मी त्यावरून महिनावार मृत्यूंचा आलेख काढून आणला होता. तुम्ही तारखेच्या रकान्यावर पेन्सिल टेकवून म्हणालात, "ही मेल्याची तारीख नाही, सापडल्याची आहे." खाली किती तरी ओळींत फक्त सांगाडा, कारण अनिश्चित, नाव नाही. सांगाडा कुठल्या उन्हाळ्यातला, हे माझा आलेख कुठून सांगणार? मी तो फाडला. त्या दिवशी आपण दोघंही फार बोललो नाही.

आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेचा बेपत्ता स्थलांतरितांचा प्रकल्प तुम्ही त्यानंतर दाखवलात. 2013 च्या ऑक्टोबरमध्ये इटलीच्या लाम्पेदूसा बेटाजवळ स्थलांतरितांच्या बोटी बुडाल्या, त्यानंतर सुरू झालेला. 2014 पासूनच्या त्या नोंदींना संघटना स्वतःच 'किमान' म्हणते, कारण सगळ्यांसकट बुडालेल्या बोटीची खबर द्यायला कुणी उरत नाही. 'किमान' हा शब्द संपादक जागेअभावी कापतात. आता मी भांडतो.

बाकी पानाची प्रत तारखेसह जपून ठेवणं, रकान्यांचा अर्थ सांगणारी पुस्तिका आधी मागणं, ही शिस्तही तुमचीच. कंटाळवाणी आहे, पण दोनदा कामी आली.

पुढची बातमी निर्वासितांवर आहे. पॅलेस्टिनी निर्वासितांपैकी बहुतेकांची मोजणी संयुक्त राष्ट्रांची निराळी संस्था करते, म्हणून दोन बेरजा कुठे एकत्र करायच्या आणि कुठे नाही, यावर अडलोय. टिपा वाचल्यात, शपथेवर. तरीही गुरुवारी येतो.

तुमचा,
पेन्सिल परत न केलेला वार्ताहर