त्या चित्राला अपूर्ण म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्याकडे नुकतीच शालेय चित्रकला स्पर्धा झाली. विषय होता ‘माझ्या गावचा निसर्ग’. माझ्या वर्गातल्या, आठवीतल्या एका मुलीचे चित्र ‘अपूर्ण’ असा शेरा मारून बाजूला ठेवण्यात आले. हा शेरा मला मान्य नाही.

चित्रात झाड, घर, माणूस काही नव्हते हे खरे. कागदाचा खालचा बराचसा भाग काळा. पण तो बाटलीतला तयार काळा नव्हे. निळ्यात तपकिरी मिसळून तिने तो केला होता. ओलिताच्या बाजूला निळसर ठेवला, कोरडवाहूकडे तपकिरी होऊ दिला. रंग ओला असतानाच तुटकी फणी ओढून वखराचे तास, म्हणजे मातीतल्या ओळी, काढल्या. वर पांढुरके, तापलेले आभाळ. मध्ये धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, जागी केशरी रंगाचा एकच फटकारा. फाल्गुनात पळस फुलला की लांबून झाड कुठे दिसते? रंगच दिसतो. कापसाची पऱ्हाटी उपटून वखरलेले वावर ज्याने पाहिले आहे, त्याला हे चित्र ओळखायला वेळ लागू नये.

बक्षिसे मिळाली ती दोन टोकदार डोंगर, मधून उगवणारा सूर्य, वळणाची नदी आणि नारळाचे झाड असलेल्या चित्रांना. मुलांनी ती मेहनतीने रंगवली, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण आमच्या शिवारात नारळ नाही. हा निसर्ग पुस्तकातून उतरवलेला आहे.

काहीही फासले की अमूर्त, म्हणजे वस्तू जशाच्या तशा न दाखवणारे, चित्र होते, असे मी मुळीच म्हणत नाही. शासकीय रेखाकला परीक्षांसाठी स्थिरचित्र, स्मरणचित्र मी मुलांकडून घोटून घेते. हात बसायलाच हवा. अमूर्त निसर्गचित्राला तर बघणे जास्त लागते, कारण काय सोडायचे ते ठरवावे लागते. मी मुलांना धुऱ्यावर बसवून डोळे किलकिले करायला सांगते. बारकावे विरतात आणि रंगांचे मोठे तुकडे उरतात, तिथून सुरुवात.

ही वाट आपल्याला परकी नाही. चित्रकार सय्यद हैदर रझा १९२२ साली मंडला जिल्ह्यात, तेव्हाच्या मध्य प्रांतात जन्मले आणि नागपूरच्या कलाशाळेत शिकले. फ्रान्समध्ये गेल्यावर त्यांच्या चित्रांतली घरे, झाडे हळूहळू रंगात विरघळली. १९८३च्या ‘सौराष्ट्र’मध्ये तर प्रदेश उरतो तो तापलेल्या रंगांतूनच. चित्रकार रामकुमार १९६० च्या सुमारास एम. एफ. हुसेन यांच्यासोबत वाराणसीला गेले. पुढे त्यांच्या चित्रांत घाट आणि घरे नुसते रंगांचे पट्टे झाले. वासुदेव गायतोंडे जन्माने नागपूरचे. त्यांची चित्रे निसर्गचित्रे नव्हेत, पण वस्तू न दाखवता चित्र पूर्ण होते हे त्यांच्याइतके ठामपणे फार थोड्यांनी दाखवले.

आयोजकांना माझी विनंती आहे की गुण देण्याआधी मुलाला दोन मिनिटे आपल्या चित्राबद्दल बोलू द्या. त्या मुलीला कुणी विचारलेच नाही. विचारले असते तर कुठले वावर, कोणता महिना, सगळे तिने सांगितले असते. आणि आपल्या बालपुरवणीत अशा चित्रांनाही जागा द्यावी. आमच्या पंचक्रोशीतल्या शाळांमधून ती गोळा करून पाठवण्याची जबाबदारी मी घेते.

एक चित्रकला शिक्षिका,
ता. आर्वी, जि. वर्धा