बावखलावरचं व्याख्यान

वसई, ऑगस्टअखेर

प्रिय दोस्ता,

'चर्चमध्ये आता बावखलांवर प्रवचनं देतात म्हणे?' हा तुझा खोचक निरोप मिळाला. प्रवचन नाही रे, व्याख्यान, पावसाचं पाणी साठवणाऱ्या आपल्या त्या जुन्या तळ्यांवर. रविवारी मिस्सा आटोपली की बाजूच्या सभागृहात. बोलणारे बहुतेकदा फादर नसतातच. ते माइक लागलाय का बघतात आणि पहिल्या रांगेत जाऊन बसतात. कधी वाडीवाला बोलतो, कधी निवृत्त मास्तर, कधी पाणीपुरवठ्यात नोकरी केलेला कोणी. शेजारपाजारची हिंदू, मुसलमान मंडळीही येतात. विहिरी त्यांच्याही खारट झाल्यात.

तुला याचं नवल वाटावं, याचं मला जास्त नवल. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, तेव्हा आपण अर्ध्या चड्डीत होतो, पण मोठ्यांची बोलणी कानावर पडायचीच की. बाहेरच्या जगाला फादर दिब्रिटो 2020 च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून ठाऊक. आपल्याकडे ते 'सुवार्ता' मासिकाचे संपादक आणि विहिरी उपसणाऱ्या टँकरवाल्यांना अंगावर घेणारे फादर. जुलै 2024 मध्ये ते गेले. पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली 'लाउदातो सी' हे परिपत्रक काढलं आणि पृथ्वीचा आक्रोश व गरिबांचा आक्रोश वेगळे नाहीत असं मांडलं, तेव्हा इथल्या जुन्या मंडळींना आनंद झाला, धक्का मात्र बसला नाही.

आता त्या बावखलाच्या व्याख्यानाबद्दल. तुला बावखल काय सांगायचं, त्यातच पोहायला शिकलास. पण नव्या पिढीतल्या निम्म्या मुलांना ते फक्त डासांचं डबकं वाटतं. पावसाचं गोडं पाणी त्यात साठायचं, केळी आणि पानवेल त्यावर शिंपली जायची, आणि मुरलेलं पाणी भोवतालच्या विहिरींना मिळायचं, हे त्यांना प्रथमच कळत होतं. सुरुवातीला सगळं ठरल्याप्रमाणे चाललं. बिल्डर वाईट, राजकारणी वाईट, टँकरवाले तर विचारूच नको. माना डोलत होत्या. मग वक्त्याने गावाचा जुना नकाशा भिंतीवर लावला आणि एकेका बावखलावर बोट ठेवून शांतपणे विचारलं, 'हे कोणी बुजवलं?' उत्तर सगळ्यांना माहीत होतं, आणि बुजवणारे बरेचसे समोरच बसले होते. कोणी भावाभावांच्या वाटणीत भराव टाकला, कोणी पोराच्या घरासाठी, कोणी नुसताच डासांना कंटाळून. 2018 च्या जुलैत पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा हेच आपण तावातावाने महापालिकेला विचारत होतो. एक आजोबा उठले आणि म्हणाले, 'माझं मीच बुजवलं, पुढचं बोला.' त्यानंतर खरी चर्चा झाली. गाळ काढायला खर्च किती, सातबारावर नावं किती, सगळ्या वारसांच्या सह्या कोण आणणार. पर्यावरणाचा प्रश्न शेवटी भाऊबंदकीत येऊन अडकतो, हे कुठल्या परिसंवादात ऐकायला मिळालं असतं?

प्लास्टिकवरही एक झालं. त्याबद्दल लिहीत नाही. सगळं आधीच पाठ होतं.

मला सगळ्यांत जास्त लागलं ते पालघर जिल्ह्यातल्या सूर्या धरणावरचं व्याख्यान. बोलायला डहाणूकडची एक आदिवासी कार्यकर्ती आली होती. आपल्या लोकांना काय सवय, की आपण कायम लुटले गेलेले. आपल्या विहिरी उपसल्या, आपल्या जमिनी गेल्या. खोटं नाहीच ते. पण तिने सांगितलं की सूर्या प्रकल्प आखला गेला तो आदिवासी भागातल्या शेतांना पाणी द्यायला. पुढे त्यातलं पाणी वसई-विरारच्या नळांसाठी आणि मीरा-भाईंदरसाठी राखून ठेवलं गेलं. म्हणजे टँकरवाल्याबद्दल आपण जे बोलत आलो, तेच ती आपल्याबद्दल बोलू शकली असती. बोलली नाही, हा तिचा मोठेपणा. एकाने चिडून विचारलं, 'मग आम्ही पाणी प्यायचंच नाही का?' ती म्हणाली, 'प्या की. पण पावसाळ्यात तुमच्या दारात पडतं ते कुठे घालवता?' बावखलाचा विषय असा पुन्हा दारात आला.

चर्चने या भानगडीत पडावं का, असं विचारणारे आहेत. मागे बसून कुजबुजतात, पण येतात. माझं म्हणणं साधं आहे. सरकारी सुनावणीत आपण ओरडून घरी येतो, समोरचा पुन्हा भेटत नाही. इथे ज्याच्याशी भांडलो तो पुढच्या रविवारी त्याच बाकावर शेजारी असतो. त्यामुळे बोलणं जरा जपून होतं आणि टाळताही येत नाही.

एवढं लांबण लावायचं कारण म्हणजे माझा एक स्वार्थ आहे. 1 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर, म्हणजे संत फ्रान्सिसच्या सणापर्यंत, चर्चमध्ये सृष्टीचा काळ, म्हणजे निसर्गासाठी प्रार्थनेचा काळ पाळतात, आणि त्यात एक रविवार अजून रिकामा आहे. तू भूजलातला माणूस. समुद्रकाठी गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं, आणि समुद्रसपाटीच्या वर ते 1 फूट असेल तर खाली सुमारे 40 फूट असतं, हे तू मला एकदा समजावलं होतंस. उपसा करून वरचं फूटभर घालवलं की खालून खारं किती चढतं, हे लोकांना तुझ्या तोंडून कळू दे. चाळीसेक मिनिटं बोल, मग प्रश्न. 'ॲक्विफर' वगैरे शब्द पुण्यातच ठेवून ये.

आणि हो, तुझ्या काकांनी अर्धं बावखल बुजवलंय आणि उरलेल्या अर्ध्यात यंदा भराव टाकायचा विचार चाललाय. ते पहिल्या रांगेत असतील. त्यांच्यासमोर बोलायची तयारी असेल तरच हो म्हण. तारीख या आठवड्यात कळव. फादरांना रविवारी मिस्सानंतर सूचना वाचायची आहे.

तुझा,
वसईकर